पुढचे सहा, मागचे अडीच

आमच्या सोसायटीत सकाळी गाड्या पुसायला जो मुलगा येतो त्याने मला दिवाळीच्या आसपासच सांगितलं होतं, "दादा, तुमच्या गाडीची मागची चाकं जाम काळी होतात हो, पुढच्यापेक्षा जास्त." मला वाटलं पगार वाढवून मागायची ही प्रस्तावना असणार. पन्नास रुपये वाढवले, शाम्पूची एक बाटली आणून दिली आणि विषय संपला. म्हणजे माझ्यापुरता संपला.

गाडी म्हणजे जर्मन एसयूव्ही, डिझेल, ऑटोमॅटिक. २०२२ मध्ये सेकंडहँड घेतली, तेव्हा १८ हजार चाललेली होती. नाव सांगत नाही कारण उगाच त्यावरून भांडणं होतात आणि तसंही पुढे ब्रेकबद्दल जे लिहितोय ते या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांना लागू आहे. नवी घ्यायची ऐपत नव्हती, सेकंडहँडची होती, आणि सेकंडहँड लक्झरी गाडीत मेख अशी असते की गाडीची किंमत अर्धी होते पण स्पेअरची किंमत नव्या गाडीचीच राहते, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल आणि मी ऐकलं नसेल.

तर फेब्रुवारीत वाईला गेलो होतो. आमचे अण्णा तिथेच असतात, एसटीत ड्रायव्हर होते, वाई डेपोतूनच रिटायर झाले. पोरांना स्ट्रॉबेरी खायची होती म्हणून सगळे पाचगणीला गेलो आणि येताना पसरणी घाट उतरताना, खाली धोम धरणाचं पाणी दिसायला लागतं ना त्याच्या जरा पुढे, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. मध्ये गोल आणि दोन्ही बाजूंना तुटक रेषांचे कंस असलेला. पोटात गोळाच आला. बाजूला अण्णा. त्यांनी वाकून बघितलं आणि विचारलं, "लाल आहे का पिवळा?"

म्हणलं पिवळा.

"मग घरी जाऊ आधी. आणि ब्रेकवर पाय ठेवून काय उतरतोयस, गिअर टाक की. तुझ्या गाडीला गिअर आहेत ना?"

आहेत. आठ आहेत. चार वर्षांत मी ते स्टेअरिंगच्या मागचे पॅडल एकदाही दाबले नव्हते.

पुण्याला आल्यावर सर्व्हिस सेंटरला गेलो. एसी, कॉफी, सोफा सगळं व्यवस्थित. सर्व्हिस अॅडव्हायझरने कॉम्प्युटरवर बघितलं, ४१ हजार किलोमीटर, आणि दोन मिनिटांत एस्टिमेट हातात दिलं, चारही चाकांचे पॅड, चारही डिस्क (म्हणजे चाकासोबत फिरणारी थाळी, पॅड तिलाच दाबून गाडी थांबवतात), सेन्सर, ब्रेक ऑइल, लेबर, सगळं मिळून १ लाख ६२ हजार. वर म्हणतो, "सर, आता तर जीएसटी पण कमी झालाय." (ते खरंय, २२ सप्टेंबर २०२५ पासून सगळ्याच ऑटो पार्ट्सना १८ टक्के लागतो, आधी बऱ्याच पार्ट्सना २८ होता.) मी विचारलं पॅड किती उरलेत? तो म्हणाला सर लाइट आला म्हणजे संपले. मी म्हणलं हो पण कुठले, पुढचे की मागचे? तर म्हणे सर एवढ्या किलोमीटरला सगळेच लागतात. चाक काढलंच नव्हतं हो कुणी. गाडी अजून पार्किंगमध्येच होती, चावी माझ्या खिशात.

आपल्याकडे अशा वेळी जे म्हणायचं असतं तेच म्हणलं. घरी विचारून सांगतो.

माझी पहिली गाडी, सेकंडहँड मारुती ८००, या एस्टिमेटपेक्षा स्वस्त आली होती.

मग आठवडाभर मी तेच केलं जे सगळे करतात, जो भेटेल त्याला विचारलं की बाबा अशा गाडीचे ब्रेक चालतात तरी किती. ऑफिसातला एक म्हणाला २५ हजार. साडू म्हणाला माझे ७० हजारला पण ओरिजिनल आहेत, पण तो नागपूरला राहतो आणि त्याची गाडी समृद्धीवर चालते, तिथे ब्रेक कशासाठी दाबणार. एकजण म्हणाला पॅड ४० आणि डिस्क ८०. आणि गंमत म्हणजे यातलं कुणीच खोटं बोलत नव्हतं. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये २५-३० हजारात पॅड संपलेली गाडी पण मी बघितलीये आणि हायवेवर त्याच्या दुप्पट चाललेली पण. आकडा गाडीचा नसतोच, रस्त्याचा आणि पायाचा असतो.

बरं, गाडी जड असते हे सगळ्यांना माहितीये, पण जड म्हणजे काय हे मी एका रविवारी कागदावर मांडून बघितलं तेव्हा कळलं. माणसं-सामान धरून गाडी २२०० किलो पकडा. १०० च्या स्पीडवरून पूर्ण थांबवायची तर साधारण साडेआठ लाख ज्यूल एवढी ऊर्जा ब्रेकना उष्णता करून टाकून द्यावी लागते. ज्यूल म्हणलं की डोक्यात काही येत नाही म्हणून असं बघा, तेवढ्या उष्णतेत अडीच लिटर गार पाणी उकळीला येतं. एका ब्रेकमध्ये. बहिणीची छोटी हॅचबॅक तेवढ्याच स्पीडवरून थांबवली तर सव्वा लिटरच्याही आतच. आता घाट घ्या. पाचगणीहून वाईला उतरताना आपण ५५० मीटरच्या वर खाली येतो, तेवढी उंची या वजनाने उतरायची तर हिशोब निघतो ३५ लिटरच्या आसपास पाणी उकळण्याचा, म्हणजे आंघोळीच्या दोन बादल्या! त्यातलं काही वाऱ्याने आणि टायरने जातं, काही इंजिन खातं, खाऊ दिलं तर. मी गिअर डी मध्ये ठेवून, पाय ब्रेकवर ठेवून उतरायचो, म्हणजे मी सगळ्या बादल्या ब्रेकवरच तापवत होतो. अण्णांची जुनी शिस्त होती की ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर, आणि ते बसमध्ये पन्नास माणसं घेऊन तोच घाट रोज उतरायचे. त्यांना ज्यूल माहीत नव्हते, पण लायनर जळल्याचा वास माहीत होता.

ऑटोमॅटिकवाल्यांसाठी सांगतो, मॅन्युअल मोडला टाकून पॅडलने दुसऱ्या-तिसऱ्यावर आणा, इंजिन ओरडेल, ओरडू द्या, त्याला काही होत नाही. मग ब्रेक वळणाआधी एकदा नीट दाबायचा आणि सोडायचा. सतत हलका दाबून ठेवणं सगळ्यात वाईट, डिस्कला गार व्हायला वेळच मिळत नाही. इको मोडला तर काही गाड्या पाय उचलला की गिअर सुटल्यासारख्या मोकळ्या पळतात, हायवेवर डिझेल वाचतं, घाटात मात्र तो मोड बंद करा.

हां, तर ब्रेकचं. भोसरीत एक गॅरेज आहे, तिथे फक्त जर्मन गाड्याच दिसतात, तिथे गाडी नेली. मिस्त्रींना मी सांगायला लागलो की ४१ हजार झालेत आणि सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात की... तर त्यांनी मध्येच थांबवलं. "किलोमीटर मला नका सांगू, चाक काढू आधी."

चारही चाकं काढली. पोराने टॉर्च धरली, मिस्त्रींनी फडक्याने पुसून जाडी मोजायचा व्हर्नियर लावला. पॅडची मागची लोखंडी प्लेट सोडून फक्त मसाला मोजायचा असतो, हे मला तिथे कळलं. पुढचे दोन्ही बाजूंना ६ एमएम. मागचे बाहेरचे ३, आतले अडीच.

मागचे! मला वाटत होतं पुढचे जाणार, सगळ्यांनाच वाटतं, ब्रेक दाबला की वजन पुढे येतं, पुढच्या डिस्क मोठ्या, पॅड मोठे, शाळेत शिकल्यासारखं पाठ असतं. आणि जोरात ब्रेक मारला तर तसंच होतं. पण आपण दिवसभर जोरात कुठे मारतो, ट्रॅफिकमध्ये हलका-हलकाच मारतो, आणि हलक्या ब्रेकला या गाड्यांची इलेक्ट्रॉनिक्स मागच्या चाकांना बऱ्यापैकी काम देते, गाडीचं नाक खाली दबू नये आणि मागे बसलेल्यांना धक्का लागू नये म्हणून. वर ट्रॅक्शन कंट्रोल आणि ईएसपी, चाक घसरतंय असं वाटलं की गाडी आपण न सांगता त्या एका चाकाला ब्रेक लावते. आणि तिसरं म्हणजे अॅडॅप्टिव्ह क्रूझ, पुढच्या गाडीशी अंतर आपोआप राखणारं, मी त्याच्या प्रेमात होतो, एक्सप्रेसवेवर लावून आरामात बसायचो. आता आपल्याकडे पुढच्या गाडीशी अंतर ठेवलं की त्या अंतरात कुणीतरी घुसतंच, घुसला की आपली गाडी ब्रेक मारते, परत अंतर ठेवते, परत कुणीतरी घुसतो. पाय माझा जमिनीवर, पण पॅड झिजतायत. त्यात मागचा पॅड मुळातच जरा पातळ, नवा ११ च्या आसपास, पुढचा १२.

आणि ती काळी पावडर म्हणजे दुसरं काही नाही, झिजलेला पॅड आणि झिजलेली डिस्कच. या युरोपियन गाड्यांचे पॅड जोरात पकडतात पण काळं जास्त सोडतात आणि डिस्कही सोबत खातात. युरोपात तर आता या पावडरवर पण नियम आलाय, युरो ७, नोव्हेंबर २०२६ पासून नव्या मॉडेलच्या गाड्यांना किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅमच्या वर ब्रेकची धूळ सोडता येणार नाही, इलेक्ट्रिकला ३. पोर्शेने २०१७ च्या कायेनला डिस्कवर टंगस्टन कार्बाइडचा थर दिला होता, धूळ ९० टक्क्यांपर्यंत कमी असा त्यांचा दावा, आणि ते दाखवायला म्हणून कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) चक्क पांढरे रंगवले. पैसा असला की माणूस चाकात पण पांढरं घालू शकतो. थोडक्यात, सोसायटीतल्या त्या मुलाने दिवाळीलाच निदान केलं होतं आणि मी त्याला शाम्पू दिला.

डिस्कचं पण मोजून बघितलं. प्रत्येक डिस्कवर कडेला किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, गंजाखाली असतो म्हणून दिसत नाही, वायर ब्रशने घासलं की दिसतो. मागच्या डिस्कवर १८.४ होतं. नवी २० ची असते. माझी भरली १९.१. मिस्त्री म्हणाले अजून मर्यादेच्या वर आहे, आत्ता बदलायची गरज नाही, कडेला उंचवटा आलाय तेवढा काढून देतो. पुढच्या डिस्कना तर हात पण लावला नाही. म्हणजे १ लाख ६२ हजारातलं खरोखर लागत होतं ते फक्त मागचे पॅड, सेन्सर आणि ऑइल. पॅड ९८००, सेन्सर १९००, ब्रेक ऑइल १२००, मजुरी साडेतीन हजार. १६ हजार ४००. पॅडच्या डब्यावर नाव त्याच कंपनीचं जी गाडीवाल्यांना पण माल देते, फक्त गाडीचा लोगो नव्हता. लोगोचे पैसे वेगळे असतात.

एक सांगतो, सर्व्हिस सेंटरवाला चोर आहे असं मला म्हणायचं नाहीये. त्याला बहुतेक तसंच शिकवलेलं असणार. माझा राग एवढाच की मोजलं नाही. डॉक्टरने ताप न बघता सलाईन लावल्यासारखं झालं ते.

सेन्सरबद्दल बऱ्याच जणांचा गैरसमज आहे, माझाही होता, की चारही चाकांना असतो. माझ्या गाडीत पुढे एका चाकाला आणि मागे एका चाकाला, बस. तो म्हणजे काही फार हुशार प्रकार नाही, पॅडमध्ये घुसवलेली एक वायर, पॅड ३ एमएमच्या आसपास आला की डिस्क त्या वायरला खाते आणि दिवा लागतो. एकदा खाल्ली की संपली, नवीनच टाकायची. पण ज्या चाकाला सेन्सर नाही तिथला पॅड आधी गेला तर दिवा लागणारच नाही, लोखंडाला लोखंड घासून घर्रर्र आवाज आल्यावरच कळणार. ऑफिसातल्या एकाचं तसंच झालं, कॅलिपरच्या पिना पावसाळ्यातल्या चिखलाने जाम झाल्या होत्या, एकच चाक सतत धरून बसलेलं, त्या एका चाकाची डिस्क गेली आणि बाकीच्या तीन चाकांचे पॅड जवळजवळ नवे. पिना साफ करून ग्रीस करायला काहीशे रुपये लागतात, दर पावसाळा संपला की करून घ्या. माझ्या आतल्या-बाहेरच्या पॅडमध्ये अर्ध्या एमएमचाच फरक होता म्हणजे पिना ठीक होत्या.

ऑइल मात्र कोऱ्या चहासारखं निघालं. चार वर्षं बदललं नव्हतं मी, बदलायचं असतं दर दोन वर्षांनी. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ४ प्रकारचं ब्रेक ऑइल नवं असताना २३० डिग्रीच्या आधी उकळत नाही, पण पाणी मुरलं की तीच मर्यादा १५५ पर्यंत खाली येते, आणि उकळलं की आत वाफ, वाफ दाबली जाते, ब्रेकचं पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. वरच्या दोन बादल्या आठवा आणि त्यात हे. अण्णांना सांगितलं नाही मी हे.

अजून एक, मागे इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर पॅड बदलायच्या आधी स्कॅनर लावून सर्व्हिस मोडला टाकावं लागतं. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने कॅलिपरचा पिस्टन नुसता दाबून मागे ढकलला तर हँडब्रेकची मोटर जाते, आणि मग ते १ लाख ६२ हजार वाले दिवस परत येतात. नवे पॅड टाकल्यावर मिस्त्रींनी स्वतः मला बाजूला बसवून एमआयडीसीच्या मोकळ्या रस्त्यावर ६० वरून १० वर असं आठ-दहा वेळा आणलं, पूर्ण न थांबता, मग पाच मिनिटं नुसतीच फिरवून गार केली. पॅड आणि डिस्कची ओळख करून द्यावी लागते म्हणे. गरम असताना थांबून ब्रेक दाबून धरला की पॅडचा मसाला डिस्कला एका जागी चिकटतो आणि मग पुढे ८०-१०० ला स्टेअरिंग थरथरतं, लोक म्हणतात डिस्क बेंड झाली, बऱ्याचदा झालेली नसते.

आता हिशोब. मागचे ११ वरून अडीचवर आले, साडेआठ एमएम, ४१ हजारात, म्हणजे एका एमएमला ४८०० किलोमीटर. पुढचे १२ वरून ६, एका एमएमला ६८००. पुढचे ३ वर आले की बदलायचे म्हणजे अजून २० हजार हातात आहेत. हे सगळं मी फोनमध्ये लिहून ठेवलंय आणि आता दर सर्व्हिसला एकच प्रश्न विचारतो, किती एमएम. पहिल्यांदा विचारलं तेव्हा समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

बायको म्हणते हिशोबात एक आकडा राहिलाय, तिचा. गाडी ती चालवते तेव्हा झिजतच नाही असा तिचा दावा आहे. आणि च्यायला, त्यात तथ्य आहे. कोथरूडहून हिंजवडीला जाताना मी सिग्नल लाल दिसत असताना पण अॅक्सिलरेटर देतो आणि शेवटी ब्रेक मारतो, ती लांबूनच पाय काढते आणि सिग्नलला पोचेपर्यंत बऱ्याचदा हिरवा झालेला असतो. दोघं पोचतो एकाच वेळेला. मी मान्य केलेलं नाहीये अजून.

इलेक्ट्रिक घेतली असती तर? मित्राकडे आहे, ६० हजार झालेत, पॅड बघितले तर जवळपास नवेच. ऑडीने ई-ट्रॉन आणली तेव्हाच सांगितलं होतं की रोजच्या ब्रेकिंगपैकी ९० टक्क्यांच्या आसपास काम मोटरच करते, डिस्कला हातच लागत नाही. त्याचा प्रॉब्लेम उलटा आहे, डिस्क वापरातच नाही म्हणून पावसाळ्यात गंजते, मग तो आठवड्यातून एकदा रिकाम्या रस्त्यावर मुद्दाम जोरात ब्रेक मारतो. शेजारी बसलेल्याला आधी सांगत नाही.

असो. परवा सकाळी खाली उतरलो तर गाडी पुसणारा मुलगा माझीच वाट बघत उभा. म्हणाला दादा तुमचं आता बरंय, पण ते २०३ वाले काका आहेत ना, त्यांच्या गाडीचं पुढचं डावं चाक एकटंच काळं होतंय, बाकीची तीन साफ. "सांगू का त्यांना? मागच्या वेळी तुम्हाला सांगितलं तर तुम्ही शाम्पू दिला."

मी टॉर्च आणायला वर गेलो.